आइल ऑफ मॅन टीटी प्रत्यक्ष पाहायची तर: जागा, घड्याळ आणि बंद होणारे रस्ते

आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटावरची टूरिस्ट ट्रॉफी, म्हणजे टीटी, ही सार्वजनिक रस्त्यांवरची मोटरसायकलींची शर्यत १९०७ साली सुरू झाली आणि १९११पासून स्नेफेल माउंटन कोर्सवर धावते. एक लॅप ३७.७३ मैलांची, म्हणजे ६०.७२ किलोमीटरची. त्यात दोनशेहून अधिक वळणं आहेत, गावांच्या मुख्य रस्त्यांवरची घरं आहेत, दगडी कुंपणं, पूल, चढ-उतार आणि शेवटी डोंगर. पीटर हिकमनने २०२३मध्ये सुपरस्टॉक वर्गातल्या मोटरसायकलवर ताशी १३६.३५८ मैलांच्या सरासरीने ही लॅप मारली. तो विक्रम १६ मिनिटं ३६ सेकंदांचा.

टीटीला पहिल्यांदा जाणारे बरेच जण दोन ठिकाणी फसतात. रस्ता बंद व्हायच्या आत योग्य जागी पोचत नाहीत, आणि समोरून गेलेल्या गाड्यांपैकी नक्की कोण पुढे आहे हे त्यांना कळत नाही. या दोन्हींची तयारी आधी करता येते, आणि केली तर दिवसाची मजा कितीतरी वाढते.

आधी रस्त्याचा नकाशा डोक्यात बसवा

कोर्स घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातो. सुरुवात बेटाची राजधानी डग्लसच्या ग्लेनक्रचरी रोडवरच्या ग्रँडस्टँडसमोर. तिथून सेंट निनियन्सचा चौक, ब्रे हिलचा तीव्र उतार आणि क्वार्टरब्रिज. मग ब्रॅडन ब्रिज, युनियन मिल्स, क्रॉस्बी, ग्रीबा असं पश्चिमेकडे बॅलाक्रेनपर्यंत. बॅलाक्रेनला उजवं वळण घेऊन रस्ता उत्तरेला लागतो: ग्लेन हेलन, क्रॉंक-ई-व्हॉडी, बॅरेगॅरो, कर्क मायकल. पुढे बॅलाफचा पूल, क्वॉरी बेंड्स, सल्बीचा सरळ पट्टा, सल्बी ब्रिज, जिंजर हॉल आणि रॅम्झी गाव. रॅम्झी हेअरपिनपासून डोंगर चढायला लागतो: गूजनेक, माउंटन माइल, व्हरांडा, बंगलो. सर्वात उंच जागा समुद्रसपाटीपासून साधारण ४२० मीटरवर आहे. तिथून विंडी कॉर्नर, केट्स कॉटेज, क्रेग-नी-बा, हिलबेरी, साइनपोस्ट, गव्हर्नर्स ब्रिज करत परत ग्रँडस्टँड.

हा क्रम पाठ करा. रेडिओवरचा निवेदक सतत याच नावांनी बोलतो. "अमुक स्वार ग्लेन हेलनला चार सेकंदांनी पुढे, बॅलाफला दोनने" हे ऐकून पुढच्या काही मिनिटांत तुमच्यासमोर काय येणार हे कळायला हवं. वेळ मोजण्याचे मुख्य टप्पे ग्लेन हेलन, बॅलाफ, रॅम्झी, बंगलो, क्रॉंक-नी-मोना आणि ग्रँडस्टँड. पहिल्या फळीचा स्वार सुटल्यापासून चार मिनिटांच्या थोड्या वर ग्लेन हेलनला असतो आणि साधारण सतरा मिनिटांत पूर्ण लॅप मारतो. तुमची जागा या दोन टोकांच्या मध्ये कुठे येते ते मैलांवरून काढून ठेवा. म्हणजे रेडिओवर रेस सुटली की किती मिनिटांनी कॅमेरा उचलायचा ते ठरवता येतं.

प्रवास, मुक्काम आणि एक दिवस जास्तीचा

मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हा सोहळा चालतो. पहिल्या आठवड्यात मुख्यतः सराव आणि पात्रता फेऱ्या, दुसऱ्यात बहुतेक रेस. २०२३पासून कार्यक्रमात दहा रेस आहेत.

बेटावर पोचायला दोन मार्ग: आइल ऑफ मॅन स्टीम पॅकेट कंपनीच्या बोटी किंवा रोनाल्ड्सवे विमानतळ. इंग्लंडमधल्या हेशमहून डग्लसला बोटीने साधारण पावणेचार तास लागतात. दुचाकीसह बोटीच्या जागा सगळ्यात आधी संपतात, म्हणून आधी बोट आणि मग मुक्काम या क्रमाने बुकिंग करा. उलट केलं तर खोली आहे पण पोचायचं कसं, अशी वेळ येते. हॉटेलं भरली असली तरी टीटीच्या काळात स्थानिक लोक घरातल्या खोल्या होमस्टे म्हणून देतात आणि ठिकठिकाणी तंबूंची मैदानंही असतात. सोय म्हणून डग्लस सगळे निवडतात. पण कोर्सच्या उत्तर भागात रेस पाहायच्या असतील तर रॅम्झी परिसर जास्त कामाचा.

आइल ऑफ मॅन हा युनायटेड किंग्डमचा भाग नाही. तरीही भारतीय पासपोर्टवर जाताना ब्रिटनचा व्हिसा लागतो आणि तोच तिथे चालतो. चलन पाउंडच. मात्र बेटावर छापलेल्या नोटा इंग्लंडमधले दुकानदार सहसा घेत नाहीत, त्या निघण्यापूर्वी बेटावरच बदलून घ्या.

परतीची बोट शेवटच्या रेसच्या संध्याकाळची कधीही घेऊ नका. ढग डोंगरावर उतरले आणि बचावाचं हेलिकॉप्टर उडू शकत नसेल तर रेस सुटत नाही, मग खाली डग्लसमध्ये कितीही ऊन असो. कार्यक्रम तासांनीच नाही, दिवसांनीही सरकतो. सीनियर टीटी ही सगळ्यात मानाची रेस २०१२मध्ये हवामानामुळे आणि २०२५मध्ये जोरदार वाऱ्यामुळे रद्दच झाली. शेवटच्या रेसनंतर निदान एक रात्र हातात ठेवा.

रस्ते बंद होणं म्हणजे काय

रोज सराव किंवा रेसच्या आधी ठरावीक वेळी कोर्स कायद्याने बंद होतो. डोंगराचा भाग बऱ्याचदा बाकीच्या रस्त्याच्या आधी बंद करतात. त्या क्षणापासून रस्त्यावर पाऊल टाकणं हा गुन्हा आहे, मग समोरच्या बाजूला तुमची गाडी असो की जेवण. ओढ्याला पूर आला की दोन्ही काठांवरचे लोक जिथल्या तिथे अडकतात, तसंच इथे होतं. कोर्सच्या आत असाल तर आतच, बाहेर असाल तर बाहेरच, आणि तेही कित्येक तास.

म्हणून रोज सकाळी हे क्रमाने करा. अधिकृत वेळापत्रकात त्या दिवशीची रस्ता बंद व्हायची वेळ बघा, आदल्या दिवशीच्या वेळेवर भिस्त ठेवू नका. मग नकाशावर ठरवा, आज कोर्सच्या आत राहायचं की बाहेर. शौचालय, खाणं आणि परतीची वाट त्याच बाजूला आहे ना ते तपासा. बंद व्हायच्या किमान एक तास आधी जागेवर पोचा. डोंगरावर जायचं असेल तर दोन तास आधी. गाडी अशी लावा की रस्ता उघडल्याशिवायही निघता येईल, म्हणजे कोर्सला न लागणाऱ्या मागच्या गल्लीत.

डग्लसहून लॅक्सीमार्गे रॅम्झीला जाणारा किनाऱ्याचा रस्ता कोर्सबाहेर आहे, तो चालू राहतो. त्याच बाजूने मॅंक्स इलेक्ट्रिक रेल्वेची जुनी ट्रामही डग्लस ते रॅम्झी धावते. गाडीशिवाय आलेल्यांनी हाच मार्ग धरावा: सकाळी ट्रामने रॅम्झी, तिथे रेस, आणि रस्ते बंद असतानाही ट्रामने परत. लॅक्सीहून स्नेफेल माउंटन रेल्वे बंगलोपर्यंत नेते, म्हणजे दुचाकी न चालवता डोंगरावर पोचता येतं. बंगलोला रस्त्यावरून जाणारा पादचारी पूल आहे. असे पूल मोजकेच, त्यामुळे तिथे बाजू बदलण्याची मुभा मिळते.

लाल फलकावर मनाई लिहिलेली जागा रिकामी आणि झकास दिसत असली तरी तिथे थांबायचं नाही. गाडी घसरली तर ती कुठे जाईल याचा विचार करून या जागा आखलेल्या असतात. मार्शल, म्हणजे कोर्सवर सुरक्षा सांभाळणारे लोक, हे स्वयंसेवक आहेत आणि तेच नसतील तर रेस होणार नाही. त्यांनी "मागे व्हा" म्हटलं की कारण न विचारता मागे व्हा.

जागा कशी निवडावी

एकाच जागेवर सगळे दिवस काढणं म्हणजे टीटीचा मोठा भाग न पाहणं. तीन प्रकारच्या जागा आहेत आणि प्रत्येकीला निदान एक दिवस द्यावा.

पहिली ग्रँडस्टँड. इथे सुटणाऱ्या गाड्या, पिट स्टॉप, पडदा, निकाल सगळं मिळतं. सुपरबाइक आणि सीनियर रेस सहा लॅपच्या असतात आणि दुसऱ्या व चौथ्या लॅपनंतर गाड्या पिटमध्ये येतात. पेट्रोल उंचावरच्या टाकीतून फक्त गुरुत्वाकर्षणाने उतरतं, दाब देऊन नाही. त्यामुळे मेकॅनिकने कितीही घाई केली तरी टाकी भरायला लागायचा तेवढा वेळ लागतोच. त्याच वेळात मागचं चाक बदलतात आणि हेल्मेटची काच पुसतात किंवा बदलतात. डोंगरावर कष्टाने कमावलेले पाच सेकंद चाकाची आस नीट न बसल्याने इथे जाताना दिसतात. फक्त गाड्यांचा वेग इथे जाणवत नाही.

दुसरी, कुंपणाजवळची वेगवान जागा. बॅरेगॅरोच्या तळाशी रस्ता उतरत येतो, घराच्या भिंतीला लागून डावीकडे किंचित वळतो आणि बरोबर तिथेच खोलगट होतो. गाडी पूर्ण वेगात त्या खोलगटात शिरते, सस्पेन्शन शेवटपर्यंत दबतं आणि बेली पॅन, म्हणजे गाडीच्या पोटाखालचं आवरण, रस्त्याला घासतं. गाडी दिसायच्या आधी आवाज येतो, मग खर्र असा घासल्याचा आवाज, आणि त्याच क्षणी ती गेलेली असते. डोळ्यांना जेमतेम दोन सेकंद मिळतात. इथे एक गोष्ट मुद्दाम पाहा: चांगला स्वार खोलगटात शिरण्याआधीच अंग स्थिर करतो, शिरल्यावर काहीच करत नाही. जो आत हँडलशी झुंजतो त्याची गाडी बाहेर पडताना डुलते. ब्रे हिलच्या तळाशीही असंच दबणं पाहायला मिळतं, आणि ते डग्लसमध्ये चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

बॅलाफचा पूल या प्रकारातला सगळ्यात संथ, म्हणून नवख्यांसाठी सगळ्यात चांगला. पूल कुबडासारखा आहे आणि गाडीची दोन्ही चाकं हवेत जातात. हवेत मागचं चाक मोकळं फिरतं. टेकताना थ्रॉटल उघडा राहिला तर साखळीवर आणि गिअरबॉक्सवर मोठा झटका बसतो. म्हणून अनुभवी स्वार मागचं चाक आधी टेकवतात, तोपर्यंत थ्रॉटल सोडून ठेवतात आणि मग उघडतात. कानांनी ऐका: आवाज खाली येतो, क्षणभर थांबतो, मग परत चढतो. ज्याचा आवाज हवेत किंचाळतो तो यंत्राला त्रास देतो आहे.

तिसरा प्रकार डोंगर. क्रेग-नी-बाला उभं राहिलं की वर केट्स कॉटेजपासून खाली येणारी गाडी दिसत राहते, मग जोरदार ब्रेक आणि उजवं वळण. ब्रेक मारण्याची जागा प्रत्येक स्वाराची वेगळी असते आणि ती इथे नीट तुलना करता येते. गूजनेकला वेग कमी असतो, म्हणून संघांचे लोक तिथे फलक घेऊन उभे असतात. फलकावर स्वाराचा क्रमांक आणि पुढच्या-मागच्याशी अंतर लिहिलेलं असतं. त्यांच्या जवळ उभं राहिलात तर स्वाराला जे कळतं तेच तुम्हालाही कळतं.

चर्चच्या आवारात, पबच्या अंगणात आणि शेतांत बसायला काही पाउंड देणगी किंवा भाडं मागतात. ते आनंदाने द्या. बसायला जागा, चहा आणि शौचालय हे तिन्ही पाच-सहा तासांसाठी लागतंच.

संध्याकाळच्या सरावाला जात असाल तर सूर्य लक्षात ठेवा. डग्लस ते बॅलाक्रेन हा भाग पश्चिमेकडे जातो, मावळतं ऊन थेट स्वारांच्या डोळ्यांत असतं.

कोण पुढे आहे: घड्याळ आणि कागद

टीटीत सगळे एकत्र सुटत नाहीत. सोलो, म्हणजे साइडकार नसलेल्या, गाड्या दहा-दहा सेकंदांच्या अंतराने एकेक सुटतात आणि लढत वेळेशी असते. समोरून पहिला गेलेला पहिला असेलच असं नाही. हे मोजायला एक वही, पेन आणि लॅप नोंदवणारं स्टॉपवॉच पुरे.

आदल्या रात्री सुटण्याची यादी उतरवा. प्रत्येक क्रमांकासमोर त्याचं "देणं" लिहा: क्रमांकातून एक वजा करून दहाने गुणायचं. क्रमांक १चं शून्य, ४चं ३०, ६चं ५०, १०चं ९० सेकंद. ऐनवेळी कोणी सुटलं नाही किंवा उशिरा सुटलं तर रेडिओवर सांगतात, तशी दुरुस्ती करा.

क्रमांक १ समोरून गेला की घड्याळ सुरू. पुढचा प्रत्येक जण गेला की बटण दाबा आणि आकडा लिहा. समजा क्रमांक ४ आला ३३.४ सेकंदांनी, ६ आला ४७.८ला आणि १० आला ९१ला. आता देणं वजा करा. क्रमांक १च्या तुलनेत क्रमांक ४ हा ३.४ सेकंद मागे आहे, ६ हा २.२ पुढे, १० हा १ सेकंद मागे. म्हणजे रस्त्यावर क्रम १, ४, ६, १० असा दिसला, पण रेसमध्ये तो ६, १, १०, ४ आहे. पुढच्या लॅपला परत क्रमांक १वर घड्याळ शून्य करा आणि दुसऱ्या रकान्यात तेच. दोन रकान्यांतला फरक म्हणजे त्या लॅपमध्ये कोणी किती कमावलं.

यात चुका कुठे होतात? सगळ्यात मोठी पिट स्टॉपनंतर. क्रमांक १ आधी पिटमध्ये गेला आणि बाकीचे अजून रस्त्यावर असले की मधले काही मिनिटांचे आकडे फसवे असतात, सगळे पिटमधून बाहेर पडून तुमच्यासमोरून जाईपर्यंत त्यांवर निष्कर्ष काढू नका. दुसरी, क्रमांक १ रेसमधून बाहेर पडला तर आधार बदलावा लागतो. तेव्हा ज्याच्या नोंदी सलग आहेत असा दुसरा स्वार धरा आणि त्याचं देणं सगळ्यांच्या देण्यातून वजा करा. तिसरी, गाडी नाकासमोर आल्यावर बटण दाबणं. समोरच्या बाजूचा एखादा खांब ठरवा आणि गाडी त्याच्या रेषेत आली की दाबा, नाहीतर हात अर्धा सेकंद इकडे-तिकडे करतो.

पन्नास गाड्या असतील तर शेवटची पहिलीच्या आठ मिनिटं दहा सेकंदांनी सुटते. तुमच्यासमोरून सगळे जाऊन पहिला परत येईपर्यंत काही मिनिटं शांत असतात, बेरीज-वजाबाकी तेव्हा करायची. शेवटच्या लॅपकडे जास्त लक्ष द्या. पहिली लॅप उभ्या जागेवरून सुरू होते, मधल्या लॅपची सुरुवात किंवा शेवट पिटमध्ये जातो. सहावीच दोन्ही टोकांना वेगात असते. म्हणून रेसचा निकाल आणि सर्वात जलद वेळ बऱ्याचदा तिथे ठरतात.

रेडिओ खिशातला, स्वतःचे सेल आणि कानात घालायचा इअरफोन असलेला घ्या. मॅंक्स रेडिओचं वर्णन बेटावर सगळीकडे ऐकतात. फोनवर विसंबू नका. दऱ्यांमध्ये सिग्नल जातो, गर्दीत जाळं अडकतं, आणि थेट वेळांचं ॲप समोरच्या गाडीच्या मागे पडतं.

सोबत काय आणि कसं वागायचं

कानात फोमचे बोळे, वर पावसाचं जाकीट, आत लोकरीचा एक थर, खाली बसायला जाड काहीतरी, दोन लिटर पाणी आणि एका जेवणाचं खाणं. डग्लसला शर्टवर फिरता येतं त्याच दिवशी बंगलोला बोटं गारठतात.

भिंतीवर बसून पाय रस्त्याच्या बाजूला सोडू नका. टोपी, प्लास्टिकची पिशवी, झेंडा, कागद असं वाऱ्याने उडणारं काहीही कुंपणाच्या आत घट्ट ठेवा. तीनशे किलोमीटर वेगाने येणाऱ्या माणसाच्या हेल्मेटवर पिशवी चिकटली तर काय होईल हे सांगायची गरज नाही. फ्लॅश वापरू नका, ड्रोन उडवू नका. फोटोसाठी गाडीबरोबर कॅमेरा फिरवत असाल तर शटर १/२५० सेकंदाच्या आसपास, गाडी गोठवायची असेल तर १/२०००. आणि पहिली लॅप कॅमेऱ्याविना पाहा, जागेचा अंदाज त्यातच येतो.

या कोर्सवर आजवर २६०हून अधिक स्वारांचे प्राण गेले आहेत. लाल झेंडा दिसला की गाड्या थांबतात आणि रेडिओवर फार थोडं सांगतात. अशा वेळी तर्क लढवू नका, दिसलं असेल तरी फोटो किंवा नाव कुठेही टाकू नका. घरच्यांना ते तुमच्या फोनवरून कळता कामा नये. ही एक गोष्ट पाळता येत नसेल तर कुंपणाजवळ उभं राहू नये.

शेवटची गाडी गेली म्हणजे रस्ता उघडला असं नाही. त्यामागे दुचाकीवरचे फिरते मार्शल असतात आणि बंद पडलेल्या गाड्यांची ने-आण चालू असते. "रोड्स ओपन" असा फलक लावलेली अधिकृत मोटार समोरून जाईपर्यंत पलीकडे जायचं नाही. ती गेल्यावर सगळे एकदम निघतात, तेव्हा अर्धा तास तिथेच थांबलेलं बरं.

दुचाकी घेऊन गेला असाल तर हे विशेष: टीटीच्या काळात डोंगराचा रस्ता रॅम्झीकडून क्रेग-नी-बाकडे एकेरी असतो, आणि गावांबाहेर काही भागांत वेगमर्यादा नसते. नुकतीच रेस पाहिलेली असते, रस्ता तोच असतो, आणि पाहुणे याच वेळी पडतात. रेसच्या वेळी पुढून ट्रॅक्टर येत नाही, तुमच्या वेळी येतो.

बेटावर जाता येत नसेल तर

अधिकृत टीटी प्लस सेवेवर पैसे भरून सगळ्या रेस थेट पाहता येतात. त्या काळात बेटाची वेळ भारतीय वेळेच्या साडेचार तास मागे असते. तिथली सकाळी १०:४५ची सुरुवात आपल्याकडे दुपारी सव्वातीनला, आणि संध्याकाळी साडेसहाचा सराव रात्री अकराला. घरीही वहीची पद्धत तीच, फक्त स्टॉपवॉचऐवजी पडद्यावरच्या टप्प्यांच्या वेळा घ्या: ग्लेन हेलन, बॅलाफ, रॅम्झी, बंगलो, क्रॉंक-नी-मोना असे पाच रकाने आणि शेवटी लॅपची वेळ. तीन-चार स्वार निवडून त्यांच्याच नोंदी ठेवा. कोण सखल भागात वेगवान आहे आणि कोण डोंगरावर, हे दोन लॅपमध्ये कळतं. ऑगस्टमध्ये याच कोर्सवर मॅंक्स ग्रां प्री होते. गर्दी कमी असते, राहायला जागा सहज मिळते. वर लिहिलेलं सगळं तिथेही जसंच्या तसं लागू पडतं, फक्त त्या रेसच्या लॅपची संख्या आणि सुटण्याची पद्धत कार्यक्रमपत्रिकेतून आधी पाहून घ्या.